सोडलं त्यानेच आणायचं

ओळरी, त्रिशूर
२ मार्च २००३

॥ ईशोला स्तुती ॥

चि. डेविस यास थोरल्या बहिणीचे, रोसिलीचेचीचे अनेक आशीर्वाद. जिन्सीलाही आशीर्वाद, आणि अजून न पाहिलेल्या माझ्या भाचीला, त्रेस्याला दोन्ही गालांवर पापे.

घरात फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं म्हणशील. अरे, फोन अप्पनच्या खुर्चीला खेटून आहे. त्यांची नजर गेली तरी कान मांजराचे आहेत, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे.

तू बारा एप्रिलला येतोस असं सांगितल्यापासून आपला म्हातारा बाप रोज सकाळी टॅक्सी धुतो. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण मला दम देऊन पाणी आणायला लावतो. विमानतळावर तुम्हाला आणायला स्वतः जायचं, असं ठरवूनच बसलाय. तुला त्यांचा नियम माहीत आहे: सोडलं त्यानेच आणायचं. तुला सोडलं त्यांनी, नंतर जिन्सीला सोडलं त्यांनी. आता तिघांना आणण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा?

पण डेविस, त्यांना दिसत नाही रे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गेल्या आठवड्यात दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीला त्यांनी हात जोडून, फादर, ईशोला स्तुती असो, असं म्हटलं. मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. परवा गाडी मागे घेताना विहिरीच्या कठड्याला ठोकली आणि म्हणाले, विहीर पुढे सरकलीय. टॅक्सी स्टँडवरची माणसं भली म्हणून त्यांना अजून पाळी देतात, पण चर्च नाहीतर बाजार, एवढीच. मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणतात उद्या या, कापून टाकतो. हे म्हणतात, आधी नातीला आणतो, मग काय कापायचं ते कापा. ऑपरेशन झालं की महिनाभर चाक धरता येणार नाही ना!

रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ आहे, डोळे कशाला लागतात, हा त्यांचा युक्तिवाद. पाठ आहे तो जुना रस्ता. अंगमालीच्या अलीकडे सगळं उकरून ठेवलंय, मध्ये सिमेंटचा दुभाजक घातलाय. अप्पन वर्षभर तिकडे फिरकलेले नाहीत. मी सांगितलं तर म्हणाले, हायवे काय तुझ्या शिवणाच्या वर्गात येऊन बसलाय, तुला काय कळतं?

म्हणून सांगते. तिकडे शारजात ट्रॅव्हल एजन्सीत पैसे भरले की इथल्या विमानतळावर नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा राहतो म्हणे. तशी गाडी सांग, आणि अप्पनना सांग की कंपनीच गाडी देते. खोटं बोलल्याचं पाप माझ्या खात्यावर. नाहीतरी शनिवारी मला कबुलीजबाबाला काहीतरी लागतंच.

लोभ ठेव, वाढव.
तुझी चेची,
रोसिली

*

शारजा
१५ मार्च २००३

॥ ईशोला स्तुती ॥

ती. चेचीस डेविसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून चादरीच्या गोष्टीवर जिन्सी पोट धरून हसली, आणि विहिरीपाशी आल्यावर तिने त्रेस्याला मांडीवर ओढून घेतलं. आपलं पोर त्या गाडीत बसवणं होणार नाही, असं ती स्वच्छ म्हणाली. मला राग आला, पण काय चुकलं तिचं?

काल एजन्सीत जाऊन गाडी सांगून आलो. मोठी, थंड हवेची गाडी देतो म्हणाले. नाव, विमान, घरचा पत्ता सगळं लिहून घेतलं. टेबलामागचा माणूस फार गोड बोलला. इथून ऑर्डर एर्नाकुलमला जाते, तिथून पुढे कुठे जाते ते त्यालाही माहीत नसावं. ड्रायव्हरला धड दिसतं ना, एवढं मी विचारलं, तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

मग अप्पनना फोन केला. कंपनीची गाडी येणार आहे, तुम्ही घरी आराम करा, असं एका दमात सांगून टाकलं. गाडीचा रंग काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी पांढरा म्हणालो. ज्या माणसाने मला स्टिअरिंगसमोर मांडीवर बसवून फिरवलं, त्याला मी रंग सांगून गप्प केलं.

त्रेस्याला आजोबांना अप्पाप्पन म्हणायला शिकवतोय. तिला एवढे प जमत नाहीत, मध्येच हसू येतं. आम्ही येतो तो कोळुक्कट्ट्याचाच शनिवार आहे, त्या उकडीच्या लाडवांत गूळ-खोबरं भरपूर घालून ठेव. इथे सगळं मिळतं, तुझ्या हातचं तेवढं मिळत नाही.

माया अशीच असू दे.
तुझा,
डेविस

*

ओळरी
२५ मार्च

॥ ईशोला स्तुती ॥

डेविस यास अप्पनचा आशीर्वाद.

रोसिली मेणबत्त्या आणायला गेली आहे, तोवर लिहून घेतो. ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या असतील तर पेनचा दोष आहे, माझा नाही.

इतकी वर्षं विमानतळाच्या खेपा केल्या, पण गोदामातल्या कारकुनाला गाडी पाठवणारी कंपनी मी पाहिली नाही. तुझी असेल तर देव तिचं भलं करो. मी रागावलो नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेव. शेजारच्या कुंजुवरीदला गल्फला जाताना मी सोडलं होतं, आणि तो शवपेटीतून आला तेव्हा मागची सीट काढून त्याला आणलं तेही मीच. त्याची बायको मला म्हणाली, देवस्सीचेट्टा, तुम्ही आणलंत म्हणून घरी आल्यासारखा वाटतोय. आपल्या माणसाला परक्याने आणू नये, एवढंच मला कळतं.

पोरीला तुझ्या आईचं, अम्मच्चीचं नाव ठेवलंस, चांगलं केलंस. हनुवटीही तिचीच आली आहे, असं रोसिली फोटो बघून सांगते. मला फोटोत काही उमगत नाही, फोटो फार लहान छापतात हल्ली. जवळ घेतली की दिसेल. आधी तिला बघणार, मगच डॉक्टरला डोळ्यांना हात लावू देणार. कापाकापीत काही बिघडलं तर बघायचं राहून जाईल.

ये कंपनीच्या गाडीतून. मी अंगणात बसतो.

अप्पन

*

ओळरी
४ एप्रिल २००३

॥ ईशोला स्तुती ॥

चि. डेविस यास आशीर्वाद.

घाईत चार ओळी. देव पावला! अप्पननी गाडीची किल्ली ईशोच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, तूच सांभाळ. पंधरा-वीस दिवस तोंड फुगवून होते, पण परवा स्टँडवर पायी जाऊन आले ते शीळ घालत. तेव्हापासून स्वारी खुशीत आहे. केस कापून घेतले, नेसायला नवीन मुंडू काढायला लावलं. काल जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन बसले आणि तुमची नावं मोठ्या अक्षरात कशी दिसतील म्हणून विचारत होते. दारावर लावायची असतील. मी पेन्सिलीने आखून दिलं, त्यांनी गिरवलं. लहान मूल झालेत अगदी.

मी उगीच घाबरत होते. सावकाश या, वाटेत पोरीला उघड्यावरचं काही देऊ नका.

वाट बघणारी,
चेची

*

शारजा
२० मे २००३

॥ ईशोला स्तुती ॥

ती. चेचीस डेविसचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. अप्पनच्या एक्केचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला थांबता आलं नाही. रजा वाढवून मागितली, तर साहेब म्हणाले की वडील एकदाच मरतात, विधी किती वेळा करता?

इथे आल्यापासून मला तीच सकाळ दिसते. आम्ही तिघं सामान घेऊन बाहेर आलो, रेलिंगपाशी पाट्याच पाट्या, त्यात आमची कुठे नाही. त्रेस्या प्रत्येक म्हाताऱ्याला अप्पाप्पन म्हणत होती. तास गेला, दुसरा गेला, पोर रडायला लागलं. मी तिथल्या बूथवरून एजन्सीला फोन लावून अशा शिव्या घातल्या की शेजारची माणसं वळून बघायला लागली. तो ड्रायव्हर पिऊन कुठेतरी लोळत असेल, त्याला हाकला, पुन्हा कुठल्याच गाडीचं चाक धरू देऊ नका, असं सांगितलं. तक्रार लेखी हवी म्हणाले, तर बूथवरच कागद मागून लिहिली आणि फॅक्स केली, घरच्या पत्त्यासकट. मग दुसरी टॅक्सी केली. घरी आलो तर तू पिठाचे हात घेऊन दारात, आणि अप्पन गाडी घेऊन कुठे गेले म्हणून मलाच विचारतेस. तेवढ्यात स्टँडवरचा पोरिंजू फाटकातून आला. त्याचं तोंड पाहूनच कळलं.

चेची, अप्पन हट्टी होते, तू चर्चमध्ये मिस्सेला गेल्याची संधी साधून निघाले, हे मी समजू शकतो. पण तो नालायक वेळेवर आला असता तर आम्ही उलट्या वाटेने लवकर निघालो असतो, वाटेत अप्पनची गाडी दिसली असती, हात करून थांबवलं असतं. निदान मी तिथे असतो. गाडी ठोकून ते एकटे त्या सिमेंटच्या दुभाजकापाशी पडून होते, आणि मी फोनवर भांडत होतो. पेटीपाशी त्रेस्याला उचलून धरलं तेव्हा ती शिकवल्याप्रमाणे अप्पाप्पन म्हणाली, सगळे प नीट म्हणाली. मला ते सहन होत नाही.

त्या ड्रायव्हरला मी सोडणार नाही. इथे एजन्सीचा साहेब दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी भेटतो. त्याच्या टेबलासमोर बसून त्या माणसाचं नाव काढून घेणार, त्याचा परवाना घालवणार. माझ्या बापाच्या मरणाला तो जबाबदार आहे.

तू एकटी आहेस. पोरिंजूच्या बायकोला रात्री सोबतीला बोलाव.

तुझा,
डेविस

*

ओळरी
३० मे २००३

॥ ईशोला स्तुती ॥

चि. डेविस यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी एजन्सीत जाऊ नकोस. आधी हे पत्र पुरतं वाच, जिन्सीला जवळ बसवून वाच. हे तुला सांगू नये असं मला आठ दिवस वाटलं. पण तिथे टेबलापलीकडच्या परक्या माणसाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

एक्केचाळिसाव्याची प्रार्थना झाली. जेवणं आटोपून सगळे गेले, पोरिंजू पायरीवरून उठेना. मग त्याने सांगितलं. तू तिथे सांगितलेली गाडी एर्नाकुलमला गेली, तिथल्या माणसाने त्रिशूरच्या ठेकेदाराला दिली, आणि ठेकेदाराने नेहमीप्रमाणे स्टँडवर टाकली. आपल्याच स्टँडवर रे! पाळी पोरिंजूची होती. त्याने मोठ्याने नावं वाचली, डेविस, जिन्सी, त्रेस्या, उतरायचं ओळरीला. अप्पन बाकावर चहा पीत होते. अप्पननी त्याला पुन्हा वाचायला लावलं, आणि मग हसले म्हणे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, पोराने जगभर फिरून शेवटी बापाचीच गाडी सांगितली.

स्टँडचा नियम तुला माहीत आहे. ज्याने सोडलं त्याचंच गिऱ्हाईक, मग पाळी कुणाचीही असो. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होणार? पोरिंजू म्हणाला की चाक मी धरतो, तुम्ही शेजारी बसा. त्यावर अप्पन म्हणाले, तू तुझा पोरगा येईल तेव्हा त्याला आण. आणि डेविस, पोरिंजूला वाटलं की ऑर्डर तुझ्या नावाची, म्हणजे तूच बोलावलं असशील. बापलेकांचं ठरलंय, आपण मध्ये का तोंड घालावं, म्हणून तो मला काही बोलला नाही. ती शीळ कसली होती ते आता कळतंय.

तेव्हा तू ज्याची वाट बघत होतास तो वेळेत निघाला होता. मी मिस्सेला गेल्याबरोबर निघाला.

गाडी सांगायची अक्कल माझी. तू केलंस ते माझ्या सांगण्यावरून. एका जागी बसून दोघांनी रडावं एवढंच आपल्या हातात होतं, तेही समुद्र मध्ये आला म्हणून जमत नाही. स्वतःला खाऊ नकोस. मी गाडी सांगायला लावली नसती, तरी म्हातारा गेलाच असता, असं फादर म्हणतात. मला ते पटवून घ्यायचं आहे. अजून पटत नाही.

काल तुझ्या नावाने एजन्सीचं पत्र आलं. वाईट बातमी असेल म्हणून फोडलं. तुझ्या तक्रारीची दखल घेतली आहे, चौकशी केली आहे, झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असं लिहिलंय. चालकाचं नाव टी. ओ. देवस्सी, ओळरी. त्याला आमच्या कामावरून कायमचं कमी केलं आहे, यापुढे तो आपल्याला त्रास देणार नाही.

मी ते चुलीत घातलं. तुला दाखवायला ठेवायचं होतं, पण हात थांबला नाही.

तो पुठ्ठा मात्र ठेवलाय. पोलिसांनी गाडीतलं सामान दिलं त्यात होता. एक कोपरा मुडपलाय, बाकी तुमची तिघांची नावं स्वच्छ वाचता येतात. त्रेस्याचं नाव त्यांनी सगळ्यांत मोठं काढलंय, शेवटचं अक्षर माझ्या रेघेबाहेर गेलंय.

पुढच्या खेपेला गाडी सांगू नकोस. मी बसने येईन, पुठ्ठा धरून रेलिंगपाशी उभी राहीन. तेवढं मला करू दे.

पोरीला माझे पापे. पत्र टाकत जा.

तुझीच,
रोसिलीचेची