फुली मधोमध

१४ एप्रिल, रविवार

फुली मधोमध आहे!

बर्फ वितळल्यावर आज नेमबाजी क्लबवर पहिल्यांदाच नेम धरला. बाबांची स्प्रिंगफील्ड रायफल खांद्याला लावली, डोळा तिच्यावरच्या दुर्बिणीला नेला — आणि नेमाची फुली बरोब्बर मधोमध. बावीस वर्षं मी बाबांच्या जोडीने याच रायफलीवर स्पर्धेला उतरतेय. आमच्या दुर्बिणीतली फुली कधीच मधोमध नसते. दुसऱ्या महायुद्धातली दुर्बीण ती, स्क्रू फिरवला की फुलीच सरकते. आमची खाली डावीकडे असते, शिक्षा करून कोपऱ्यात उभी केल्यासारखी. मधोमध ठाण मांडून बसते ती हल्ली जुन्यासारख्या बनवून विकतात त्या नकलांमधली.

बाहेरून सगळं तेच. तेच काळं नळकांडं, तीच कोरलेली अक्षरं. फक्त कडेचा ओरखडा गायब.

बाबा शेजारी पालथे पडून मोठ्या दुर्बिणीतून माझी गोळी कुठे लागते ते बघत होते. "काय गं, झोप लागली का?"

"वारा बघतेय," म्हटलं.

आमची अस्सल दुर्बीण कुणीतरी लांबवलीय. बाबांना सांगायचं कसं? १९६१ साली टपालाने मागवलेली रायफल. आईच्या फोटोपेक्षा जास्त वेळा पुसतात तिला.

१५ एप्रिल

हिवाळ्यात रायफल घराबाहेर गेली ती एकदाच. दस्त्याला चीर पडली म्हणून फेब्रुवारीत स्टॅश कुपेककडे. आख्ख्या गावाच्या बंदुका तोच दुरुस्त करतो. तीन आठवडे ठेवली! एका चिरेला तीन आठवडे?

१७ एप्रिल, बुधवार

कामावरून सुटल्यावर बाबांकडे गेले. दिवसभर डुकराच्या बरगड्या तोडून हात भरून आलेले, डोकं तापलेलं. दारातली टपालपेटी आडवी. म्हणाले, "बर्फ ढकलणाऱ्या गाडीने उडवली." ते चर्चमधल्या चार म्हाताऱ्यांना बिंगोला घेऊन निघाले होते. दर बुधवारी नेतात. एक्क्याऐंशी वर्षांचे, पण गाडी दुसऱ्याला चालवू देत नाहीत.

सहज विचारल्यासारखं केलं. "दुर्बीण कशी चाललीय यंदा?"

"झकास!"

बघत होते माझ्या कानामागे कुठेतरी.

२१ एप्रिल

नवऱ्यावर संशय घेऊन झाला. ड्वेनला कधीची बोट घ्यायचीय. त्याचं कपाट तपासलं, गॅरेज तपासलं. त्या माणसाकडे नवं असं काहीच नाही, मोजेसुद्धा! वर मलाच म्हणतो, "अस्सल काय नि नक्कल काय, गोळी कागदाला लागली म्हणजे झालं ना, व्हर्ना?"

याला काय कळणार! नक्कल लावून येणाऱ्यांना बाबा चाळीस वर्षं हसतायत. "दात कुठून आणलेस रे?" असं विचारतात त्यांना. स्वतःची कवळी खळखळवत.

म्हणजे स्टॅशच.

५ मे, रविवार

बोलले. क्लबच्या न्याहारीला, सगळ्यांसमोर. स्टॅशच्या ताटात सॉसेज होतं, त्याच्या पुढ्यात उभी राहिले. म्हटलं, "आमची दुर्बीण कुठंय? चीर सांधायला दिली होती, दुर्बीण बदलायला नव्हती दिली."

स्टॅश मानेपासून टकलापर्यंत लाल. काटा खाली ठेवला.

"बाबांना विचार तुझ्या."

"तुला विचारतेय मी!"

"आणि मी सांगतोय, एमिलला विचार. मी शब्द दिलाय त्याला. माझं सॉसेज गार होतंय."

बाबा बाहेर गाडीपाशी होते. तिथे विचारलं नाही. उद्या त्यांच्या घरी विचारेन.

६ मे

बाबांनीच बदलून घेतली! चोरी नाही, काही नाही.

"काच गढूळ झालीय गं तिची. आत ओल गेली असणार. दूध सांडल्यासारखं दिसतं, लक्ष्य कुठलं नि आभाळ कुठलं कळत नाही."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला? ज्यांना चाळीस वर्षं हसलो त्यांना?"

"मला!"

"तुझ्या तोंडात काही राहतं का? न्याहारीला काय केलंस ते कळलंय मला."

हसले मी. हसण्यासारखंच होतं. नियमात नक्कल चालते, स्पर्धा १५ जूनला आहे, नेम लागल्याशी मतलब. जुन्या दुर्बिणी कुठे पक्क्या बंद असतात? सत्तर वर्षं टिकली हेच खूप. अस्सल कुठे ठेवलीय विचारलं, तर म्हणाले, "आहे." एवढंच.

१९ मे

सराव. मी आधी. लक्ष्याखालच्या खड्ड्यात बसलेली माणसं कागद खाली ओढतात, भोकात पांढरी चकती खोचून वर करतात. चकती कुठंय ते बाबांनी बघून सांगायचं, मी नेम सुधारायचा. बाबा म्हणाले, "उजवीकडे लागली." मी डावीकडे घेतलं. "अजून उजवीकडेच." अजून घेतलं. शेवटी कागद हातात आला तर पहिली गोळी मधोमध, बाकीच्या डावीकडे पळत सुटलेल्या!

"तुम्ही कुठल्या कागदाकडे बघत होतात?"

"भिंग घाण झालंय," म्हणून शर्टाच्या टोकाने मोठी दुर्बीण पुसत बसले. आता हीपण घाण?

मग त्यांची पाळी. दहातल्या चार कागदाबाहेर. एवढं वाईट कधी नाही. "नकली माल!" म्हणून थुंकले.

माझ्या मनात आलं, मुद्दाम करतायत. नक्कल वाईट हे सिद्ध करायचंय, म्हणजे आपण चाळीस वर्षं खरं बोललो असं होईल. हट्टीपणा त्यांना नवा नाही.

२ जून, रविवार

स्टॅशची माफी मागायला गेले. खसखशीचा रोल नेला. माफी मागायची सवय नाही. दारातच म्हटलं, "हे घे. चुकलं माझं."

"रोल तू केलास का आईच्या हातचा?"

"आईला जाऊन सहा वर्षं झाली."

"मग जरा बेतानेच खातो."

बसले. कॉफी दिली. बोलता बोलता म्हणाला, "मी एमिलला म्हटलं होतं, दुर्बीण ठेव माझ्याकडे. उघडतो, ओल काढतो, पुसतो, दोन दिवसांचं काम. ऐकेच ना."

"गढूळ किती झालीय?"

"मला काय माहीत! मी डोळाच लावला नाही. घरूनच सोडवून आणली होती, जुन्या चड्डीत गुंडाळून. हातच लावू देईना. म्हणाला, नवीन लाव आणि तोंड बंद ठेव."

दोन दिवसांत साफ होणार होती. मग साफ का नाही केली?

३ जून

त्या चड्डीच्या गुंडाळीत दुर्बीण होती तरी का? विकली? कुणाला देऊन बसले? बाबा खोटं बोलतायत. खोटं बोलताना ते माणसाकडे बघत नाहीत. हल्ली तर माझ्याकडे बघतच नाहीत. काल कॉफी ओतली ती निम्मी बशीत. हात थरथरत नव्हता. तरी बशीत! मनात काहीतरी आहे म्हणूनच.

९ जून, रविवार

सरळ विचारलं. "दाखवा मला अस्सल."

"स्पर्धेनंतर."

"आत्ता का नाही?"

"बाप मी आहे का तू आहेस?"

दार आपटून आले. ड्वेन म्हणतो, जाऊ दे. त्याचं सगळंच जाऊ दे असतं.

१२ जून, बुधवार

बाबा अंघोळीला गेले होते. बीटाच्या लोणच्याची बरणी काढायला कोठीत शिरले. वरच्या फळीवर ईस्टरची टोपली, तिच्यात जुनी लोकरी चड्डी. आत दुर्बीण. कडेला तोच ओरखडा, माझ्याच लग्नाच्या वर्षी मी पाडलेला. अस्सल.

खिडकीशी नेली. डोळा लावला.

पलीकडच्या टेकडीवरच्या कुंपणाचा एकेक खिळा दिसला. तारेवर चिमणी बसली होती, तिच्या चोचीतली काडी दिसली. फुली खाली डावीकडे, तिच्या जागेवर. दूध नाही, धुकं नाही. काच लख्ख.

पुन्हा पुसून बघितली. पुन्हा तेच.

न्हाणीघरातून बाबांची हाक आली. "व्हर्ना, किती वाजले गं? म्हाताऱ्या खोळंबल्या असतील!"

दुर्बीण चड्डीत गुंडाळून होती तिथे ठेवली. खुंटीवरच्या गाडीच्या किल्ल्या माझ्या खिशात घातल्या, आणि टेबलाशी बसलेय. शॉवर आत्ताच बंद झालाय.