लाईट गेली गो?

४ सप्टेंबर, गुरुवार

लाईट गेली, पण आमच्याकडे गेलीच नाही!

तिन्हीसांजेला सगळ्या वाड्यावर, घराघरांत काळोख, आणि आमच्याकडे पंखा फिरतोय, फ्रिज गुरगुरतोय, टीव्हीवरची सून रडते आहे. गणेशचवथीला आलेला प्रज्योत जाता जाता इन्व्हर्टर बसवून गेला. भिंतीवर पांढरा डबा, खाली बॅटरी. 'आई, आता तू काळोखात राहायची नाहीस.' गुणी आहे माझा मुलगा. बंगळूरला बसून त्याला मोबाईलवर दिसतं म्हणे — इथे लाटंबार्श्यात लाईट गेली का, बॅटरी किती उरली. लगेच फोन आला. 'ब्याण्णव टक्के आहे, काळजी करू नको.'

आई किती टक्के उरली, ते काही त्यात दिसत नाही. फोन ठेवून जेवून घेतलं.

९ सप्टेंबर

परत गेली. मी लख्ख उजेडात बसून. शेजारची सुशीला आली नाही.

११ सप्टेंबर

लिहूनच टाकते, मनात ठेवून काय करायचं?

लाईट गेली की सुशीला कुंपणापलीकडून हाक मारायची — 'लाईट गेली गो?' जसं काही मला दिसत नाही! मग विणलेला पंखा घेऊन यायची, आणि आम्ही दोघी दारापुढच्या बलकांवातल्या दगडी बाकांवर समोरासमोर बसायचो, लाईट येईपर्यंत. आधी वीजखात्याला यथेच्छ शिव्या. शिव्या संपल्या की मग खरं बोलणं. तिचा नवरा बाबली सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक विकला, आणि माणूस जो गप्प झाला तो जाईपर्यंत गप्पच. हे तिने मला काळोखात सांगितलं. आमचे हे गेले तेव्हा सगळ्यांसमोर मी कोरडी राहिले. रडले ती पुढे महिन्याने, तिच्यासमोर, लाईट गेलेली असताना. तोंड दिसत नसलं की बरं पडतं.

वाड्यावर सगळे मला 'बाई' म्हणतात. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाईच. मुलगा आई म्हणतो. मला 'गो' म्हणणारी दोनच माणसं होती. एक हे. दुसरी सुशीला.

१६ सप्टेंबर

लाईट गेल्याबरोबर आज मीच कुंपणाशी गेले. 'ये गो, पंख्याखाली बस.' ती म्हणाली, 'तुझ्याकडे आसा मगे. तू बस आरामात.' तरी ओढूनच आणली.

चूक झाली. ट्यूबखाली सोफ्याच्या कडेवर बसली, पाहुणीसारखी. पदर सारखा करत राहिली. लाद्या बघितल्या, ह्यांच्या फोटोकडे बघितलं. मी चहा घेतेस का म्हणून दोनदा विचारलं. उजेडात तिच्या डोळ्यांखालचं काळं दिसलं. तिला माझं दिसलं असणारच. 'भात चुलीवर आसा,' म्हणाली आणि उठली. तिच्याकडे गॅस आहे.

१९ सप्टेंबर

लाईट गेली. आली. कुणीही नाही.

२३ सप्टेंबर

आज मी खोटं बोलले.

लाईट गेली तशी खुर्ची घेऊन डब्यापाशी गेले आणि खटका खाली ओढला. पंखा थांबला, फ्रिज थांबला. एकदम कसं शांत झालं! मग शहाण्यासारखी बलकांवात जाऊन बसले. थोड्या वेळाने पलीकडून आवाज — 'तुझीय गेली गो?' म्हटलं, 'गेली गो, मशीन बिघडली.' जन्मभर पोरांना 'खोटं बोलू नये' लिहायला लावलं, आणि स्वतः किती सहज बोलले.

पंखा घेऊन आली. सागरचं सांगत होती. तिचा मुलगा, वास्कोला असतो. 'येवक सांगलंय तर म्हणता रजा नाय. मगे पैसे धाडता. पैशांवांगडा काय बोलू?' खरंच, पैशांशी काय बोलणार? दोघी हसलो. मग लाईट येईपर्यंत ती एकाच पंख्याने दोघींना वारा घालत राहिली. तो वारासुद्धा चांगला होता.

२८ सप्टेंबर

प्रज्योतचा फोन. 'आई, लाईट गेली की सिस्टिम ऑफलाईन का दाखवते?' म्हटलं, उंदीर असेल.

८ ऑक्टोबर

पेडण्याहून आले. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आठवडा तिथेच गेला.

सुशीलाला पेडण्याचे पोहे द्यायला गेले. दारातच घेतले. मागच्या खोलीचं दार तिने पुढे होऊन ओढून घेतलं. 'पसारो आसा,' म्हणाली. माझ्यासमोर तिला कधीपासून पसाऱ्याची लाज वाटायला लागली? वाईट वाटलं.

११ ऑक्टोबर

लाईट गेली. खटका खाली. सुशीला आली, पसाऱ्याचा राग गेला.

१४ ऑक्टोबर

प्रज्योत चिडला. दर वेळी लाईट गेली की नेमका डबा बंद पडतो, हे त्याच्या लक्षात आलंय. 'आई, डिचोलीहून माणूस पाठवतो. तरीही नीट चाललं नाही तर घर बंद करायचं आणि तू इकडे यायचं. एकटी तिथे अंधारात धडपडलीस तर?' शीतल मागून म्हणाली, 'हो आई, खोली तयारच आहे.' सून खरंच चांगली आहे. पण त्या चौदाव्या मजल्यावर लाईट कधीच जात नाही.

म्हणजे डबा चालू ठेवला तर सुशीला गेली. बंद ठेवला तर घर गेलं. आज जेवण गेलं नाही.

१७ ऑक्टोबर

डिचोलीचा गौरेश येऊन गेला. उघडलं, तपासलं, लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'बाई, मशीन बरी आसा. उंदीर कसला? खटको कोण ओढता?'

आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलं, आज माझी पाळी. शेवटी म्हटलं, 'मीच.' कारण विचारलं तर काय सांगणार? त्याने विचारलंच नाही. हत्यारं पिशवीत भरताना म्हणाला, 'काळोख जाय जाल्यार दिवे बंद करात. मशीन कित्याक?'

काळोख हवा तर दिवे बंद करायचे! डबा चालू, दिवे बंद. एवढी साधी गोष्ट बाईंना सुचली नाही. स्वतःलाच हसू आलं.

चहा पिता पिता तो पुढे म्हणाला, 'तुमची शेजारीण काकी पण अशीच. ह्याच म्हयन्यात तिच्या झिलान, सागरान, माका धाडून बसयली, तुमी गांवांत नाशिल्ली तेन्ना. लाईट गेली काय काकी मशीन बंद करता. झील माका फोन करून सतयता.'

म्हणजे मी पेडण्याला असताना. मी म्हटलं, 'कुठे बसवली?'

'फाटल्या खोलयेंत.'

मागच्या खोलीत! म्हणजे तोच तो पसारा. चहा निवला माझा.

१८ ऑक्टोबर

लाईट गेली. सगळे दिवे बंद केले, डबा चालू. हाक आली, पंखा आला. 'काय काळोख गो आमच्याकडे,' सुशीला म्हणाली.

'आमच्याकडेही,' मी म्हटलं.

तिच्या मशीनचं मला कळलंय, ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसून हसून पुरेवाट झाली असती. पण उद्यापासून तिला यायला निमित्त काय राहिलं असतं?

२९ ऑक्टोबर

वाड्यावर नवा ट्रान्सफॉर्मर बसला. हार काय, नारळ काय! पंच म्हणाले, आता लाईट जायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुशीला पलीकडे उभी होती. तिनेही वाजवल्या, मीही.

५ नोव्हेंबर

गेली नाही.

१२ नोव्हेंबर

गेली नाही. प्रज्योत खूश. 'शंभर टक्के, आई!'

रोज सातला बलकांवात जाऊन बसते. पलीकडे सुशीलाच्या खिडकीत उजेड, टीव्हीचा आवाज. मधे कुंपण, तेही गुडघ्याएवढं. उठून जायला काय होतं? पण जाऊन म्हणू काय — एकटीला करमत नाही म्हणून आले? ते तोंडातून निघत नाही. एवढं शिकवलं, एवढं बोलले जन्मभर, आणि हे एक वाक्य येत नाही. फार एकटं वाटतं. इथे तरी लिहिते.

१५ नोव्हेंबर

लाईट गेली नाही. सात वाजता सुशीला आली. हातात विणलेला पंखा. बलकांवातल्या दिव्याखाली उभी राहिली, उजेड सगळा तिच्या तोंडावर. म्हणाली, 'लाईट गेली गो?'

मी म्हटलं, 'गेली गो, बस.' आणि उठून दिव्याचं बटण बंद केलं.