दोर कोणी ओढायचा

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रेमदासला जाऊन महिना होत आला. छातीत दुखतं म्हणाला आणि तांड्यावरून हिंगोलीला आणेपर्यंत संपलं. एक्केचाळीस वर्षांचा होता. या विषयावर इथे यापुढे काही लिहायचं नाही. रोजनिशी रडण्यासाठी नसते.

मुद्दा असा, की त्याने आखलेली कॅनियनिंगची ट्रिप होणारच. जानेवारीतला लाँग वीकेंड, २४ ते २६. नगरकडच्या डोंगरातली घळ. वरून शिरायचं, एकेक कडा दोरावरून उतरायचा, खालून बाहेर पडायचं. तीन हिवाळे आम्ही तिघं हेच करत आलो. दोर प्रेमदास झाडाभोवती दुहेरी घालायचा, पहिला बुद्धभूषण उतरायचा, मग मी. खाली पोचलं की वर ओरडायचं, ‘प्रेमदास, उतरलो!’ हा आमचा नियम. शेवटी प्रेमदास स्वतः उतरून एका टोकाने दोर खाली ओढून घ्यायचा, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. दोर ओढला की परतीची वाट बंद.

मी मधला. मधल्याला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे लीडरशिप आपोआप माझ्याकडे येते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी

फिटनेस सुरू. रोज स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. आज गेलो. येताना ऑटो केला. आमची पतसंस्था साडेदहाला उघडते, पण लीडरने वेळेआधी तयार असावं.

हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचा पट्टा, घालून पाहिला. कमरेला बसेना. नायलॉन आकसतं असं कुठेतरी वाचलंय. बायको, शीतल, म्हणाली, नायलॉन न्हाई आकसलं. आणि कणीक मळायला गेली. ही तिची पद्धत आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोर आणायला तांड्यावर गेलो. सेनगावपर्यंत एसटी, पुढे जीप.

अंगणात दोन खांबांना प्रेमदासचा साठ मीटरचा दोर ताणलेला आणि त्यावर गोधड्या वाळत घातलेल्या. हे त्याच्या आईचं, जमनाबाईचं काम. तांड्यात आईला याडी म्हणतात, आम्हीही तिला याडीच म्हणतो. एवढा महागाचा दोर. उन्हाने कमजोर होतो, याला यूव्ही डॅमेज म्हणतात. नीट समजावून सांगायचं ठरवून बसलो. चहा झाला. याडी म्हणाली, जेवल्याबिगर कसा जातो. जेवलो. सुनितावहिनीने, प्रेमदासच्या बायकोने, गरम भाकरी वाढली आणि आत निघून गेली. त्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही, मी शिस्तीचा माणूस आहे.

यूव्हीचं सांगायचं राहिलं. दोर मागायचाही राहिला. पुढच्या वेळी नक्की.

सोमवार, ८ डिसेंबर

तांत्रिक अडचण. ‘दरीवीर हिंगोली’ या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन एकटा प्रेमदास. नवा मेंबर घ्यायचा तर त्यानेच घ्यावा लागतो. म्हणून ‘दरीवीर २’ काढला. मी, बुद्धभूषण आणि पतसंस्थेतला संतराम. संतरामने विचारलं, घळीत गाडी कुठपर्यंत जाते. प्रश्न विचारतो म्हणजे इंटरेस्ट आहे.

ट्रिपच्या तारखा चुकून जुन्या ग्रुपवरही टाकल्या. एकच टिक आली आहे. नेटवर्क खराब असावं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

बुद्धभूषण सेनगावकडच्या गोरेगावहून खास भेटायला आला. तिथे शाळेवर आहे. टपरीवर उभ्या उभ्या म्हणाला, धम्मा, म्या न्हाई येनार. त्यानं लावल्याबिगर दोरावर म्या उतरत न्हाई. तू बी जाऊ नको. मी त्याला मेंटल तयारीचं महत्त्व सांगितलं. तर तो तिथेच रडायला लागला, चहावाल्यासमोर. मला महत्त्वाचं काम होतं, निघालो. काय काम होतं ते आता आठवत नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर

संतरामने हात जोडल्याचं चित्र टाकून ग्रुप सोडला. टीम आता लहान आणि चपळ झाली. गाडी करायची गरज नाही, एसटीने भागेल.

नवीन वर्षाचा संकल्प: दोर आणणे. सराव करणे. साखर बंद.

शीतल म्हणते, तुमी झोपेत काहून बडबडून राहिले, उतरलो उतरलो म्हनून? मी तिला सांगितलं, खेळाडूचं मन झोपेतही सराव करतं. ती म्हणाली, एकदा रडून घ्या हो, म्या कोनाला सांगत न्हाई. बायकांना खेळातलं कळत नाही. (साखर उद्यापासून.)

रविवार, ११ जानेवारी

दोर मिळाला. मागावाही लागला नाही. ‘ट्रिप’ एवढंच म्हणालो तर याडीने स्वतः गोधड्या काढल्या आणि दोर गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाली, घेऊन जाय, त्यो बी घेऊनच गेला असता. गोधड्या तिने कुंपणावर टाकल्या. कुंपण काट्याचं आहे.

हार्नेस आता बसतो. सैलच होतो. शीतल म्हणते, तुमी दोन महिने धड जेवले न्हाई. मला वाटतं नायलॉन थंडीत पसरत असावं.

पुढच्या रविवारी सराव. आपल्या जिल्ह्यात घळ नाही, म्हणून प्रेमदास आम्हाला त्याच्या शेतातल्या जुन्या विहिरीत उतरवायचा. स्वतः काठावर उभा राहायचा. तीच विहीर.

रविवार, १८ जानेवारी, संध्याकाळी

आत्ताच परतलो. अंगावर गाळ आहे. तरी नोंद ठेवणं कर्तव्य आहे.

विहिरीत प्रेमदास दोर काठावरच्या लिंबाला पक्का बांधायचा, कारण वर यायला तोच दोर. विहिरीला पायऱ्या नाहीत. मी मात्र आज अगदी घळीसारखा सराव करायचं ठरवलं. दोर नुसता लिंबाभोवती घातला, दोन्ही टोकं खाली सोडली. उत्तम उतरलो, कोपर सोलवटलं तेवढंच. खाली गुडघाभर पाणी. नियमाप्रमाणे वर बघून ओरडलो, प्रेमदास, उतरलो!

आणि मग, शेवटचा माणूस मीच होतो म्हणून, दोर ओढून घेतला.

सगळा दोर डोक्यावर आला. घळीत हे बरोबर असतं. तिथे पुढे वाट असते. विहिरीला पुढे काही नसतं. मोबाइल वर, बॅगेत सुरक्षित होता.

थोड्या वेळाने काठावर याडीचं तोंड दिसलं. ती शेजारी हरभऱ्यात होती. तिने विचारलं, कोन हाय? मी म्हणालो, मी, धम्मानंद. मागून सुनितावहिनीने वाकून पाहिलं आणि शेजारच्या रामसिंगकाकाला आणायला तांड्याकडे पळाली. याडी काठावर बसून राहिली.

मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, घरात कोनी त्याचं नाव घेत न्हाई. म्या रडन म्हनून भेतात. आज कोनीतरी त्याला हाक मारली तर वाटलं, हाय का काय हितंच कुठं.

मग म्हणाली, आनखी एकदा मार हाक.

मारली. ‘उतरलो’ हा शब्द काही निघाला नाही, नुसतं नावच निघालं. मग मला थांबवता आलं नाही. घळीत पाण्याच्या आवाजात कोणाचं काही कळत नाही. विहिरीत सगळं वर ऐकू जातं. याडी वर रडत होती, मी खाली.

रामसिंगकाकाने बैलगाडीचा जाड नाडा खाली सोडून मला वर घेतलं. म्हणाला, विहिरीत उतरून दोर ओढनारा मानूस म्या पैल्यांदाच बघून राहिलो. प्रेमदास असता तर त्याने हे सगळ्या तालुक्यात सांगितलं असतं.

शनिवार, २४ जानेवारी

आज घळीत असायचं होतं.

बुद्धभूषणला फोन केला, टपरीवरून निघून आलो त्याबद्दल बोललो. तो म्हणाला, चल, तांड्यावर जाऊ. दोर परत अंगणात बांधला. एका खांबाला मी, दुसऱ्याला तो. प्रेमदासने शिकवलेली एकच गाठ मला नीट येते, तीच मारली. याडीने ओढून पाहिली, सुटली नाही. तिने कुंपणावरच्या गोधड्या काढून दोरावर टाकल्या. एक काट्याने फाटली होती.

ऊन चांगलं कडक होतं. यूव्हीचं काही बोललो नाही.