आजींच्या कोटावरची तीन पदकं

३ सप्टेंबर, सोमवार
दुकानात नुसते कोटच कोट! रविवारी युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन. इथे अख्खं गाव चौकात जमतं. वर्षभर कपाटात लोळणारे कोट सगळ्यांना आत्ताच आठवले. कुणाचं अस्तर उसवलंय, कुणाचं पोट सुटलंय – सोसायचं शिवणारीनं.

५ सप्टेंबर
वरच्या मजल्यावरच्या आजींचा काळा कोट. बाह्या आखूड करायच्या. छातीवर तीन पदकं, पण उजवीकडे! बाकी झाडून सगळ्यांची डावीकडे आहेत. म्हातारपणी होतं असं. काढून डावीकडे पक्की टाचली. स्वतःवरच खूश आहे आज.

८ सप्टेंबर
आजी कोट न बघताच घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "उद्या चल ना गं माझ्याबरोबर. एकटीच असते मी." असल्या ठिकाणी मी जात नाही. का ते इथेही लिहायचं नाही. पण नाही म्हणवेना.

९ सप्टेंबर, रविवार
काय करून बसले मी!

आजींनी घाईत कोट चढवला, आरशातही पाहिलं नाही. चौकात बिगूल झालं, दोन मिनिटं शांतता झाली. मग एक निवृत्त सुभेदार थेट आजींपुढे. "बाई, कुठल्या लढाईत होतात आपण?" माना वळल्या. डावीकडे म्हणजे म्हणे स्वतः मिळवलेली. गेलेल्या माणसाची घरच्यांनी लावायची ती उजवीकडे. आजींचा मुलगा लढाईत गेलाय, एकविसाव्या वर्षी. आणि मी भर चौकात त्यांना खोटं पाडलं! वाटलं, जमीन दुभंगावी.

पुढे होऊन म्हटलं, "चूक माझी आहे. मी शिवणारी." सुभेदार ओशाळले. टोपी काढली, मुलाचं नाव विचारलं. आजींनी सांगितलं – मोठ्यानं. मग मला तिथेच सोडून एकट्याच घरी गेल्या.

१० सप्टेंबर
दिवसभर दाराकडे डोळे. संध्याकाळी आल्या, कोट घेऊन. मी हात जोडले. "पुरे गं," म्हणाल्या. "तेवीस वर्षं तिथं उभी राहतेय. त्याचं नाव काल पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." मग शेजारी बसून पदकं उजवीकडे लावून घेतली. एक टाका जरा सैल पडला, तर उसवायला लावला!

११ सप्टेंबर
दादा सीमेवर मारला गेला त्याला सहा वर्षं झाली. आज आईला फोन केला. म्हटलं, "त्याचं पदक डबीतून काढ. लाव अंगावर. उजवीकडे लावायचं असतं."

आई म्हणाली, "तुलाच त्याचं नाव नको असतं, असं वाटायचं गं मला."