मिदोरीताईंचं बाक

प्रिय मिदोरीताई,

तुम्हाला मराठीचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत लिहायला बसले की मी लगेच डॉक्टरसारखी बोलायला लागते, आणि आज मला सबबी सांगायच्या नाहीत.

उद्या हॉस्पिटलमधल्या तुमच्या बाकाभोवतीची, कुणी बसू नये म्हणून बांधलेली प्लास्टिकची पट्टी निघणार आहे. आणि तिच्या जागी कायमची दोरी लागणार आहे! पितळी खांब, जाड दोरी, भिंतीवर तुमच्या नावाची पाटी. दोन शब्द बोलायला मला बोलावलंय, 'बाक वाचवणाऱ्या डॉक्टर' म्हणून. ती ईमेल वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही पहिल्यांदा दिसलात तेव्हा मी तुम्हाला पेशंटच समजले होते. रोज येऊन बसायचात, पण तुमचं नाव कधी पुकारलं जायचं नाही. शेवटी मीच विचारलं, तर म्हणालात की इथल्यासाठी बाक करायचंय, म्हणून लोक वाट कशी बघतात ते बघतेय. रिपोर्टची वाट बघणारा खुर्चीच्या कडेवर बसतो, सोबत आलेला मागे रेलतो, एकटी बाई शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवते. मग तुम्ही ओल्या मातीच्या लाद्या आणल्यात आणि वर प्लास्टिक पसरून लोकांना त्यांवर बसवलंत. मलाही बसवलंत, ड्यूटी संपल्यावर, स्क्रब्जमध्येच. मातीत उठलेल्या त्या खळग्यांवरून ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचं ते लांबलचक, वळणावळणाचं बाक झालं. त्यावर माणूस टेकला की त्याचे खांदे आपोआप खाली यायचे, हे मी कितीदा पाहिलंय!

कोव्ह गावातल्या तुमच्या शेडमध्ये चहा पिताना तुम्ही जुन्या गोष्टी सांगायचात. ओसाकाच्या खुर्च्यांच्या कारखान्यात सुरुवात केली, मग शिल्पं, मग अख्खी खोली व्यापणारी इन्स्टॉलेशन्स. शिल्पकार मला सुतार म्हणतात आणि डिझायनर शिल्पकार म्हणतात, मी धड ना इकडची, धड ना तिकडची, असं हसत म्हणायचात. पण ते तुम्हाला लागलेलं होतं, नाही का? एका म्युझियमनं तुमची खुर्ची विकत घेऊन काचेमागे ठेवली, तर तुम्ही बघायलाही गेला नाहीत. जिच्यावर कुणी बसत नाही ती माझी नव्हे, म्हणालात.

हे सगळं मला माहीत होतं, ताई. नकळत केलं असतं तर स्वतःला माफ तरी केलं असतं.

कोविड आला तेव्हा हॉस्पिटलमधला संसर्ग रोखायचं काम माझ्याकडे होतं. जंतुनाशकानं पुसता येणार नाही ते सगळं फर्निचर बाहेर काढा, असा नियम मीच केला. तेल पाजलेल्या तुमच्या लाकडाला क्लोरीन कसं चालणार? दारात स्किप, म्हणजे मोडीत काढलेलं सामान टाकायची लोखंडी पेटी, उभी होती. मेंटेनन्सचा डेक्लन बाकापाशी थांबला आणि त्यानं विचारलं, "डॉक्टर, हे फर्निचर की आर्ट?"

मी म्हणाले, "आर्ट."

"ग्रँड सो," म्हणजे इथल्या बोलीत 'बरं तर मग', असं म्हणून तो पट्टी आणायला गेला.

मला काय आनंद झाला होता! त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. वाचलं तुमचं बाक, त्याला आता कुणी हातसुद्धा लावणार नाही, असं अगदी मिरवत सांगितलं. मग पेशंट कुठे बसतात, एवढंच विचारलंत. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मी म्हणाले. तुम्ही 'थँक यू' म्हणून फोन ठेवलात. खडसावलं का नाहीत मला? एवढा कसला तो सभ्यपणा? तुम्ही रागावला असतात तर कदाचित मी पुढचं तरी वेगळं वागले असते.

पुढच्या जानेवारीत तुम्ही आमच्याच वॉर्डात आलात. कॅन्सर पसरला होता आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. स्कॅनला नेताना मी तुमच्या व्हीलचेअरसोबत होते. बाक दिसल्यावर तुम्ही हात वर केलात, पोर्टर थांबला.

"मंजिरी, मी जरा बसू?"

स्वतःच्या हातानं घडवलेल्या बाकावर बसायला तुम्ही माझी परवानगी मागत होतात! आपल्या तिघांखेरीज कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. पण पोर्टर बघत होता. नियम मीच मोडला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू, हा विचार आधी आला.

"पट्टी निघाली की नक्की," मी म्हणाले.

तुम्ही मान डोलावलीत आणि आपण पुढे गेलो. पट्टी निघेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. तुमचा अंत्यविधी मी किचनमध्ये लॅपटॉपवर पाहिला.

त्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याचा सल्ला बदलला. वस्तूंना हात लावून संसर्ग व्हायची शक्यता फार कमी, हात धुतले की पुरे. सगळ्या स्टाफसमोर मीच ते वाचून दाखवलं. वाचताना मला तुमचा तो वर केलेला हात दिसत होता.

बाक मात्र 'आर्ट' ठरलेलं, म्हणून त्याची पट्टी तशीच राहिली. आता हॉस्पिटलच्या समितीचं म्हणणं असं, की गेलेल्या कलावंताचं हे शेवटचं काम, ते जपायलाच हवं. माणसं वाईट नाहीत हो. ती माझंच वाक्य पुढे चालवताहेत. मी उद्या चार गोड शब्द बोलले तर टाळ्या मिळतील आणि तुमचं बाक शंभर वर्षं तसंच चकचकीत राहील, कुणीही न बसता.

म्हणून आजच कळवून टाकलंय, बाक वापरायला माझ्या खात्याची हरकत नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे की ते फर्निचर आहे आणि माझं तेव्हाचं उत्तर चुकलं होतं. ऐकलं नाही तर भांडेन. मला भांडता येतं, फक्त तुमच्यासाठी वेळेवर जमलं नाही.

दोरी लागली नाही की काय होईल, तेही मला माहीत आहे. चहा सांडेल, पोरं बूट घालून चढतील, कडांचे टवके उडतील. काही वर्षांनी ते इतकं झिजेल की कुणीतरी म्हणेल, टाका आता हे. तेव्हा मी मध्ये पडणार नाही. तुमचं बाक मी झिजू देईन, ताई. हे वचन.

तुम्हाला उभ्या उभ्या निरोप देणारी,
मंजिरी