टेकडीतला निळा कप

प्रिय बाबा,

तुमचे गुडघे बरे असोत. योलांदा औषध वेळेवर देते ना? माझी काळजी नको, जेवण वेळेवर होतं.

बातम्यांतला मातीच्या विटांचा पिरॅमिड म्हणजे आपल्या जुन्या गावामागची टेकडीच. सोमवारी आमच्या उत्खननात तिच्यात पूर्वी कुणी चोरून खणलेला एक जुना खड्डा सापडला. तळाशी आपला निळा कप होता, आईनं दांड्याला तार गुंडाळलेला.

मुकादम सेगुंदो म्हणाला, "बाईसाहेब, चोर सहलीला आले होते वाटतं."

सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "चोरच ते, दुसरं काय?"

गुड फ्रायडेला टेकडी आपणहून उघडते अशी समजूत, म्हणून अख्खं गाव डबे घेऊन खणायला जायचं. तिथली जुनी भांडी विकूनच माझं शिक्षण झालं. खणणं चूकच होतं, पण तुम्हाला चोर म्हणताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. तेव्हापासून सेगुंदोच्या नजरेला नजर देववत नाही.

उद्या त्याला सगळं सांगेन. नोंदवहीतही लिहीन: खणणारे दोघे. तुमचं नाव देणार नाही. तुमच्या माती उपसणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचं देईन.

कप मात्र परत आणता येणार नाही, बाबा. त्यावर आता उत्खननातल्या वस्तूचा क्रमांक पडला आहे.

तुमचीच,
नेलिदा