बारवेवरची डोण

६ ऑक्टोबर २०२५

बारव बुजवणार! आज ग्रामसभेत ठरलं. पूर्णेच्या पुरात पडलेल्या घरांचा मलबा टाकायला जागा नाही, आणि बारव तशीही गाळाने अर्धी भरलीय. मी उठून म्हटलं, ही शेकडो वर्षांची आहे, हा वारसा आहे. उपसरपंच रखमाजीअप्पा म्हणाले, “मोनाली, घरात पहिली ग्रॅज्युएट ना तू? मंग बारवेचं बाळंतपण बी तूच कर.” सगळे हसले. शेवटी तोडगा — पुढच्या मंगळवारी पुरातत्त्वचे साहेब नुकसान बघायला येताहेत, त्यांनी नोंद घेतली तर मलबा दुसरीकडे. तोवर गाळ आम्ही काढायचा.

८ ऑक्टोबर

साधना फावडं घेऊन आली. अप्पांची पुतणी, माझी कॉलेजची मैत्रीण. तिच्या आळीतले बरेच आले. आमच्या भीमनगरातून मी एकटी. लाज वाटली.

आईला म्हटलं, तू तरी चल, गावाचा वारसा आहे. ती भाकरी थापत होती. “कोणत्या गावाचा?” एवढंच म्हणाली.

९ ऑक्टोबर

हात सोलले. पण पायऱ्या दिसायला लागल्या.

१० ऑक्टोबर

बारवेच्या तोंडाशी, रस्त्याच्या अंगाला, गाळात एक दगडी डोण सापडली, पाणी साठवायची. मी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला — ‘मुक्या जनावरांसाठी आपल्या पूर्वजांनी केलेली सोय.’ भराभर जोडलेले हात आले.

संध्याकाळी आईने फोटो बघितला. बराच वेळ.

“जनावरं नदीवर जायची. ही आमची. मी नवी नवरी आल्ते तवा हितं घागर घेऊन बसायची. पायरी उतरायची न्हाई. कोणी वरून डोणीत वतलं तर पाणी. न्हाई वतलं तर न्हाई. हापसा बसला, मंग सुटलो.”

पोस्ट काढून टाकली. ते जोडलेले हात डोळ्यांसमोरून जात नाहीत.

११ ऑक्टोबर

खरं काय ते लिहून फोटो पुन्हा टाकला. थोड्याच वेळात अप्पा बारवेवर हजर.

“साहेबासमोर गावाची इज्जत काढती का? सोमवारी जेसीबी लावून फोडतो ही डोण.”

म्हटलं, मग आमच्यासाठी बारवेत उरलं काय?

“डोण ऱ्हायली तर बारवच बुजंल. बराबर समजून घे.”

साधना फावड्याकडे बघत होती. अप्पा गेल्यावर म्हणाली, “जाऊ दे ना मोना. बारव तर वाचंल.” तिच्यावर इतका राग मला कधीच आला नव्हता.

१२ ऑक्टोबर

डोण की बारव? आईला विचारलं. ती शेळीला पाला घालायला निघून गेली.

१३ ऑक्टोबर

डोण वाचवा म्हणून फोटो जोडून अर्ज द्यायला भोकरदनला तहसीलमध्ये गेले होते. परत येते तर जेसीबी उभा आणि डोण गायब! मला वाटलं, फोडली. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, मी आलो तवाच न्हवती.”

डोण आमच्या अंगणात होती. वस्तीतल्या बायांनी दोर लावून शेजारच्या प्रितमदादाच्या ट्रॉलीत चढवली म्हणे. आई काथ्याने घासत होती. मी चिडले. वस्तू जागेवरून हलवली की तिचा पुरावा जातो, कळतं का तुला?

“पुरावा मी हाय की,” आई म्हणाली. घासतच राहिली.

अप्पांचा माणूस विचारायला आला, डोण कुणी नेली? आईने सांगितलं, “जिची होती तिनं.”

उद्या साहेब येणार. अप्पा काय करतील सांगता येत नाही. जेसीबी अजून बारवेवरच उभा आहे.

१४ ऑक्टोबर

साहेबांनी बारवेची नोंद घेतली. बुजणार नाही. मग मोबाईल काढून त्यांनी माझ्या अर्जातला फोटो दाखवला, “ही डोण कुठे आहे?” अप्पांना सोबत यावंच लागलं. आमच्या अंगणात पहिल्यांदा.

आईने तांब्या भरून पुढे केला. साहेब प्याले. अप्पा म्हणाले, “तहान न्हाई.”

आईने चटई टाकली. “बसा मंग, अप्पा. लागंल.”